अर्ध्यात बंद पडलेला जावई

कूलरला नवं गवत बसवलं की पहिले दोन दिवस घरभर ओल्या रानाचा वास येतो. तसा तो वास खोटाच. बाहेर रान कुठलं? अमरावतीचा डांबरी रस्ता पाघळत असतो आणि ऑटोवाले तोंडाला दुपट्टा बांधून लिंबाच्या सावलीत निपचित पडलेले असतात. पण खोटा वाससुद्धा कधीकधी खरं काहीतरी उकरून काढतो. यंदा धोंड्याचा महिना ऐन ज्येष्ठात आला. सिंधूने, माझ्या बायकोने, अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले आणि नेमकं तेव्हाच मी कूलरचं गवत बदलायला घेतलं. भिजल्या तांदळाचा आंबूस वास आणि गवताचा हिरवट वास एकमेकांत मिसळले, तसा मी हातातला पेचकस खाली ठेवून नुसता बसून राहिलो.

हे दोन वास असे एकत्र यायचे ते अकोल्याला, माझ्या सासुरवाडीत. तिथे मी मागचे तिन्ही धोंडे जेवायला गेलो नाही. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. मी गेलो नाही याचं कारण टीव्हीवरची एक विनोदी मालिका आहे. आणि आज इतक्या वर्षांनी तीच मालिका तुम्ही पाहावी, असं मला सुचवायचं आहे. हा लेख खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला घेतला. बाकीचं आपोआप येत आहे, तर येऊ द्यावं म्हणतो.

मालिकेचं नाव ‘थांबा जावईबापू’. ज्या कादंबरीवरून ती केली तिचं नाव ‘तेहतीस अनारसे’. कादंबरी लिहिली विलासने. विलास म्हणजे सिंधूचा धाकटा भाऊ, माझा साळा. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. गोष्ट एवढीशी आहे. अमरावतीचा एक जावई दोन दिवसांची बॅग घेऊन धोंडे जेवायला अकोल्याला येतो आणि परत जातच नाही. अधिक महिना सरतो, निज महिना लागतो, पेरण्या होतात, तरी हा आपला कूलरसमोर. आमच्या वऱ्हाडात जावयाला ‘कधी निघता’ असं विचारायची रीत नाही. त्या न विचारण्यावर अख्खी गोष्ट उभी आहे. रोज घरातला एक माणूस सकाळी पक्कं ठरवतो की आज सांगायचंच. आणि संध्याकाळी तोच माणूस जावयाच्या ताटात तूप वाढत असतो.

मालिका काही आठवडे चालली आणि बंद पडली. पुण्या-मुंबईच्या लोकांना म्हणे भाषा कळेना. तिच्या जागी भरजरी साडीतल्या बायका दुधात विष कालवू लागल्या आणि आमचा जावई घरी जायच्या आतच संपला.

तो जावई मीच.

हे मी कधी कोणाजवळ कबूल केलं नाही. करायची गरजही नव्हती, नात्यागोत्यात सगळ्यांना कळलंच होतं. तो बॅगेत स्वतःची उशी घेऊन जातो, मीही नेत असे. तो आल्याबरोबर कूलरची जाळी वाकवून वारा आपल्याकडे वळवतो. तो सासऱ्यांच्या आधी पेपर उघडतो आणि आतलं पान वेगळं काढून ठेवतो. आणि पंगतीत कोणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरून म्हणतो, “राहू द्या, राहू द्या... बरं, वाढा एक.” हे वाक्य माझं होतं. माझं आहे, हे मला मालिका लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. कॉलेजात आणि बाहेर क्लासमध्येही. त्या उन्हाळ्यात सुट्टीतल्या बॅचला मी फळ्यावर गणितं लिहून दिली, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “राहू द्या सर, राहू द्या... बरं, द्या एक.” वर्ग फुटला. मी खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पोरांना मी कोणाचा कोण हे कळायचं कारण नव्हतं, ती फक्त टीव्हीतलं वाक्य म्हणत होती. पण मला वाटलं, अख्ख्या अमरावतीला माहीत आहे. राजकमल चौकात चष्मेवाला हसला तरी मला वाटे, हा त्यावरूनच हसला.

तेवढ्यात अकोल्याचं बोलावणं आलं. फोन विलासनेच केला होता.

“जिजाजी, एकादशी सोडून कवाही या. आईनं काडीवर सरगुंडे वळून ठेवले. रस हाय, धोंडे हायेत. उशी आनू नका, मी नवीन घेतली.”

तो थट्टा करत होता. नेहमी करायचा तशीच. साळ्या-जावयाची थट्टा आमच्याकडे जेवणातल्या मिठासारखी असते. पण मी म्हणालो, “घरातलं खाऊन घरातल्याच मानसाले बाजारात बसवलं तुमी. लोकाईले हसवाचंच होतं तं आपल्या बापावर लिहा लागत होतं.”

सासरे त्याच्या मागच्याच वर्षी गेले होते.

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, तोही हळू. विलास रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

जावयाच्या रुसव्याला आमच्याकडे रीत आहे. जावई रुसतो, मग कोणी वडीलधारा येतो, समजूत घालतो, टोपी-उपरणं होतं, जावई थोडे आढेवेढे घेऊन हसतो. मी त्या रीतीची वाट पाहत बसलो. आपण बोललो काय, हे जणू विसरून. समजूत घालायला येणार कोण? ज्याने यायचं तो वडीलधारा तर गेला होता, आणि त्याचंच नाव काढून मी मुलाचं तोंड बंद केलं होतं. सिंधू एकटी अकोल्याला जाऊन आली. येताना सासूबाईंनी दिलेला अनारशांचा डबा घेऊन आली. तो मी संपवला. रुसून, पण संपवला.

डबा आला, पण वाण आलं नाही. ते लेक-जावयाला जोडीनेच द्यायचं असतं. पाटावर दोघांना बसवतात, पाय धुतात, पितळेच्या ताटात अनारसे (वाण जाळीच्या पदार्थाचंच लागतं) मांडून वर दिवा लावतात आणि ताट हातात देतात. एकट्या लेकीला देता येत नाही. सासूबाईंना एकुलती एक लेक. म्हणजे त्यांचं वाण माझ्या रुसव्यात अडकलं. पुढचा अधिक महिना करोनात आला, कारण आयतंच मिळालं. त्याच्या पुढच्या वेळी विलासने पुन्हा फोन केला, नुसतं ‘येता का’ एवढंच विचारलं. मी कॉलेजातल्या परीक्षा सांगितल्या. यंदा फोनच आला नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कितीदा म्हणायचं? सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. तीन वर्षांनी पुन्हा महिना येईल, पण तो त्यांच्यासाठी येईल का? हा हिशोब मला, गणिताच्या मास्तरला, कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.  सिंधू तांदूळ भिजवत होती, ते आमच्या जावयासाठी.

हो, यंदा आम्हीच धोंडे घालणारे. मुलीचं, मृणालचं लग्न हिवाळ्यात झालं. तिचा नवरा तन्मय पुण्याचा, सरळ मुलगा. आल्या आल्या म्हणाला, “बाबा, मला गोड फारसं चालत नाही,” आणि सिंधूचा चेहरा असा उतरला, जसा काही बारावीचा निकाल लागला. जेवणं झाली. त्याला कूलरसमोरची जागा दिली. मी मागे, दाराच्या बाजूला बसलो. त्या खोलीत मी आजवर तिथे कधी बसलोच नव्हतो. कूलरचा वारा तिथवर पोचतच नाही. दाराच्या फटीतून झळ येते आणि पाठीवर गरम हात ठेवल्यासारखी बसून राहते. अकोल्याच्या घरात त्या जागेवर सासरे बसायचे. हातात पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन, वारा घेत. मी त्यांना एकदा म्हणालोही होतो, “बाबा, तुमाले कूलर सहन होत नाही वाटते?” ते म्हणाले होते, “नाही बावा, मले सर्दी होते.”

तन्मय मोबाइलवर काहीतरी पाहून खुसखुसत होता. मग मोठ्याने हसला. “बाबा, हे बघितलंय का तुम्ही? जुनी सिरियल आहे, त्या चॅनेलच्या अ‍ॅपवर टाकलीये. एकदम भारी आहे. तुमच्याकडचीच आहे.”

मोबाइलमधून आवाज आला, “राहू द्या, राहू द्या...”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. सिंधू दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं असावं, मी आता उठून जाईन. मलाही तसंच वाटलं होतं. पण जावयासमोरून उठून कुठे जाणार? मी म्हणालो, “दाखव बरं.” तो सरकला, मी त्याच्या शेजारी कूलरसमोर बसलो आणि ती मालिका पहिल्यांदा पाहिली. तोवर मी लोकांच्या तोंडून तुकडे ऐकले होते, येता-जाता दोन-चार दृश्यं पाहिली होती. कादंबरी उघडलीही नव्हती. न वाचता रागावणं किती सोयीचं असतं!

आता शिफारस करायची तर खरं सांगून करतो. सुरुवातीचे भाग डोकं धरायला लावतात. मागे वाजंत्री फार. प्रत्येक विनोदानंतर ‘टुंईऽ’ असा काहीतरी आवाज. साळ्याचं काम करणारा मुलगा देखणा आहे, ‘मले-तुले’ म्हणतोही, पण सूर समुद्रकाठचा. वऱ्हाडी माणूस वाक्य जमिनीवर आपटतो, हा ते लाटेवर सोडतो. तेवढं सोसा. मग जावयाची चप्पल हरवते तो भाग येतो. अख्खं घर ती शोधायचं नाटक करतं, कारण चप्पल सापडली तर जावई जाईल अशी आशा आहे, आणि शोधताना दिसलो नाही तर तो रुसेल अशी भीती. तिथून मालिका चालायला लागते. सासऱ्याचं काम करणारा म्हातारा सुरुवातीला अती करतो असं मलाही वाटलं. आंब्याची पेटी आली की तो चांगले आंबे निवडून जावयासाठी पलंगाखाली लपवतो, स्वतः डागी आंबे चोखतो, आणि कोणी पाहिलं की म्हणतो, डागी आंबाच गोड असते. तन्मय हसून लोळत होता. मी हसता हसता थांबलो. हे सासरे होते. हुबेहूब. मी विलासला म्हणालो होतो, बापावर लिहा. त्याने मला लिहायच्या आधी बापालाच लिहिलं होतं. आम्हा दोघांना त्याने एकाच सतरंजीवर शेजारी बसवलं होतं. मी मात्र आपली बाजू तेवढी पाहिली आणि उठून गेलो.

आणि एक दुपार आहे. विनोदी मालिकेत असलं दृश्य घालायला छाती लागते. कूलरचा पंप बिघडलाय. जावई घोरतोय. सासूचं काम करणारी बाई, ती फार मोठी नटी आहे, तिचं नाव मला कोणी सांगावं, गंजातून, मोठ्या पातेल्यातून, पाणी घेऊन कूलरच्या गवतावर तांब्या तांब्याने ओतत उभी आहे, गवत वाळू नये म्हणून. मुलगा चिडतो, म्हणतो, उठव त्याले. ती म्हणते, “झोपू दे रे. तिकडं पोराईले शिकवू शिकवू त्याचा घसा सुकते.” पुन्हा तांब्या बुडवते. बस. मागे वाजंत्री नाही, काही नाही. पाण्याचा आवाज आणि घोरणं.

मला त्या घरातल्या दुपारच्या झोपा आठवल्या. इतकी गार झोप मला जगात कुठे लागली नाही. मी समजत होतो, अकोल्याचा तो कूलरच तसा होता. आणि हे वाक्य कोणाला टेबलाशी बसून सुचत नाही. ते कानांनी ऐकलेलं असतं. विलासने ते ऐकलं, जपलं आणि मला हसायला आलेल्या लोकांसमोर मधोमध ठेवलं. त्या मालिकेत माझ्यावर हसणारं सगळं जग आहे, आणि माझी बाजू घेणारी एक बाई आहे. लिहिणाऱ्याला मला नुसतं उघडं पाडायचं असतं, तर ती बाई त्याने कशाला ठेवली असती?

“कसली गोड आहे ना ही सासू,” तन्मय म्हणाला.

“हो,” मी म्हणालो. “खरी आहे.”

मुलं पुण्याला परतली आणि सिंधूला मी म्हणालो, “उद्या अकोल्याले जाऊ.”

ती गहू चाळत होती. वर न पाहता म्हणाली, “बोलावणं कुठं हाय?”

“नाही.”

“बिनबोलावता जवाई जाते का धोंड्याले? लोक काय म्हनतीन?”

“हसतीन.”

तिने चाळणी थांबवली. मग उठून उरलेले अनारसे डब्यात भरायला लागली. मला वाटतं ती रडत होती, पण आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्यांचेच डोळे लाल असतात.

एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. नांगरून टाकलेली काळी वावरं भेगाळून पडली होती. सिंधूने मधे एकदाच विचारलं, “आईसमोर काही बोलसान का?” मी म्हणालो, “पाहू.” सगळा प्रवास मी वाक्यं जुळवत होतो, आणि बडनेरा सोडल्यापासून एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं.

दार विलासने उघडलं. केस पिकले होते. मला पाहून तो दारातच उभा राहिला.

“जिजाजी?” मग आत वळून, “आई, जवाई आले.” मग माझ्या हातातली पिशवी घेतली.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मी वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायच्या आतच सुरू झाल्या. “असा येते का जवाई? न सांगता? न सांगता पोलीस येतेत. घरात अनारशाचं पीठ नाई, पुरन नाई. तीन दिस तांदूळ भिजवा लागते, आठोन हाय का?”

सिंधूने घाईने डबा पुढे केला. “आई, अनारसे आनले मी.”

“लेकीच्या घरचे अनारसे लेकीलेच देऊ का? मंग देवाले काय सांगू? पार्सल आलं म्हनून?” त्यांनी डबा बाजूला सारला आणि विलासकडे पाहिलं. “बत्तासे घेऊन ये. तेबी जाळीचेच असतेत. जवायाले घेऊन जाय संगं, बसून काय करते तो.”

जावयाला बाजारात धाडणाऱ्या सासूबाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही निघालो. उन्हं कलली होती, पण रस्ता अजून तव्यासारखा होता. विलास एक पाऊल पुढे चालत होता.

“विलास, मी फोनवर जे बोललो होतो...”

“सोडा नं जिजाजी.”

“नाही. बाबांचं नाव काढाले नको होतं. चुकलं माझं. मालिका मी आता पाहिली. तुमी तं बाबाईवर आधीच लिहिलं होतं.”

तो थांबला. दुपट्ट्याने तोंड पुसलं. “हो. सगळ्यात आधी तेच लिहिलं. आंब्याची पेटी.”

“मग तवाच काहून नाही सांगितलं?”

“तुमी रुसले होते. रुसलेल्या जवायाले काय समजावा?” तो थोडं हसला. मी विचारलं, मग पुढे काहीच का लिहिलं नाही. तो म्हणाला, “बियान्याचा सीझन, खताचा सीझन... आन लिहू कोनावर? आपल्याजवळ मानसं असतेत किती? तेच एकेक करून रुसले तं मी राहतो कोनापाशी?”

 मी त्याच्या बरोबरीने चालू लागलो.

किराणावाल्याने बत्तासे तोलता तोलता विचारलं, “विलासभाऊ, पाहुने कोन?”

“आमचे जवाई. अमरावतीचे.”

त्याचा हात तराजूवर थांबला. “म्हनजे ते... शिरियलवाले?”

“नाही हो भाऊ,” विलास घाईने म्हणाला. “ते कादंबरीतलं हाय, काल्पनिक. असं कोनी नाही.” तो इतक्या सवयीने बोलला की मला कळलं, इतकी वर्षं तो अकोलाभर हेच सांगत फिरला असणार. दुकानात, लग्नात, मौतीत. कोणी ऐकत नसणार, तरी.

मी म्हणालो, “काल्पनिक काही नाही. तो मीच.”

विलासने माझ्याकडे पाहिलं. किराणावाला काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढे झाला. “अरे वा! मंग सांगा बरं साहेब, तुमी शेवटी घरी गेले का नाही? शिरियल तं बंद पडली, आमच्या घरी भांडन चालूच हाय. मी म्हनतो गेला. मंडळी म्हनते, जाते कुठचा, मेला असंल तिथंच खाऊन खाऊन.”

“मंडळीले सांगा, आता कुठं आलो.”

विलास आधी तोंडातल्या तोंडात हसला. मग त्याला आवरेना. दुकानाच्या पायरीवर बसला आणि पोटाला हात धरून हसत राहिला, आणि किराणावाला आणि मी त्याच्याकडे पाहत उभे राहिलो.

घरी पाट मांडलेले होते. सासूबाईंना खाली बसता येत नाही, म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि विलासने आमचे पाय पुढे घेऊन परातीत धरले. त्यांनी वरून पाणी सोडलं. मी पाय मागे घेऊ लागलो तर म्हणाल्या, “हालू नका, पानी सांडते.” पितळेच्या ताटात बत्तासे मांडले. दिवा लावला. ताट त्यांना एकटीला उचलेना, तसं विलासने, सिंधूने आणि मी खालून धरलं आणि चौघांचे हात काही वेळ त्या ताटाखाली तसेच राहिले. एसटीत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. “आई,” एवढंच म्हणालो.

“झालं,” त्या म्हणाल्या. “सुटली मी.”

“सुटल्या कशा? तीन वर्षानं पुन्हा महिना येते,” विलास म्हणाला.

“येते तं येऊ दे.” त्यांनी पदराने दिव्याला आडोसा केला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. “पन तवा आठ दिस आधी सांगजा, बापू. मले बत्ताशावर नाई भागवाचं.”